‘चामडे’ हा शब्द वर्गात शिकविताना

भाषेच्या तासाला शब्दार्थाचा पाठ पुष्कळदा कोरडा ठरतो. फळ्यावर शब्द लिहावा, अर्थ सांगावा, वाक्यात उपयोग करवून घ्यावा आणि पुढच्या शब्दाकडे वळावे, असा आपला परिपाठ आहे. त्यात शब्द पाठ होतो. पण ज्या वस्तूमागून आणि ज्या कामामागून तो आला, ते काम मुलांच्या दृष्टीस पडत नाही. प्रस्तुत लेखात अशा एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. आखाडा बाळापूर व आसपासच्या गावांतील शिक्षकबंधुभगिनींपुढे तो मुद्दाम ठेवण्यास एक कारण घडले आहे, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत चौथीच्या वर्गावर मी हा पाठ घेतला. ‘चामड्याच्या वस्तू सांगा,’ असा प्रश्न केला. पट्टा, पाकीट, चप्पल अशी दोनचार उत्तरे आली आणि वर्ग थांबला. मग मागच्या रांगेतील एका मुलाने हात वर केला आणि एका दमात कितीतरी नावे सांगितली : वहाण, वादी, आसूड, हलगी, मृदंगाची पुडी, लोहाराचा भाता. भाता म्हणताना त्याने तोंडाने भात्याचा आवाजही काढून दाखविला. उत्तर अचूक होते. परंतु चारसहा मुले एकमेकांकडे पाहून हसली, आणि एकाने त्या मुलाच्या जातीचे नाव हळूच, पण सर्वांना ऐकू जाईल असे उच्चारले. मी ‘शांत बसा’ एवढेच म्हणालो आणि पुढचा शब्द घेतला. तो मुलगा त्या तासाला पुन्हा बोलला नाही. पुढे वर्षभरात भाषेच्या तासाला त्याने आपण होऊन हात वर केल्याचे मला स्मरत नाही. वर्गात ज्याला सर्वांत अधिक माहिती होती त्यालाच गप्प बसविणारा पाठ मी घेतला होता, हे ध्यानात यावयास मला बराच काळ लागला.

आता शब्दाकडे वळू.

मराठीत या एका वस्तूभोवती तीन जवळचे शब्द आहेत : कातडी, कातडे आणि चामडे. अंगावर असते ती कातडी. शास्त्राच्या पुस्तकात तिलाच आपण त्वचा म्हणतो. मेलेल्या जनावराच्या अंगावरून काढले जाते ते कातडे. त्या कातड्यावर प्रक्रिया करून ते न कुजणारे, मऊ व टिकाऊ केले म्हणजे चामडे होते. बोलण्यात हा भेद नेहमी पाळला जातो असे नाही. ‘कातड्याचा पट्टा’ म्हटले म्हणून कोणी चूक काढणार नाही, व काढूही नये. तरीपण कच्च्या मालाला एक नाव आणि तयार मालाला दुसरे नाव असणे, ही भाषेची श्रीमंती आहे. दूध आणि दही यांना आपण एका नावाने हाक मारीत नाही, तसेच हे.

‘कातडे’ हा शब्द संस्कृतातील ‘कृत्ति’ या शब्दापासून आला. गजचर्म पांघरणाऱ्या शंकराचे ‘कृत्तिवास’ हे नाव त्यावरूनच पडले. साप टाकतो ती ‘कात’ही याच कुळातील. मुळात कापणे हा अर्थ असलेल्या ‘कृत्’ या धातूशी त्याचे नाते असल्यामुळे कापावयाची ‘कातर’ ही कातड्याची दूरची बहीण ठरते. मात्र विड्यातील कात निराळा. तो खैराच्या लाकडापासून होतो. मुले हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून येथे नोंदविला.

‘चामडे’ आले ‘चर्मन्’ या शब्दापासून. चर्म, मग प्राकृतात चम्म, मग मराठीत चाम आणि चामडे. नेमक्या याच वाटेने ‘कर्म’चे कम्म झाले आणि कम्मचे ‘काम’ झाले. फळ्यावर या दोन ओळी एकाखाली एक लिहून दाखवाव्यात. मोठ्या वर्गातील मुलांना शब्द कसे झिजतात व बदलतात हे समजावयास याहून सोपे उदाहरण मला तरी सापडलेले नाही. चामखीळ, चर्मरोग, चर्मवाद्य, चर्मचक्षू हे सारे त्याच घरचे. चामर मात्र चमर नावाच्या जनावराच्या शेपटीवरून आला, आणि चमचा तर तुर्कीतून फारशीच्या वाटेने येथवर पोहोचला. त्यांचा चामड्याशी संबंध नाही. आपल्या भागात ‘चमडा’ असेही कानी पडते. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती, आणि तिच्या खुणा आपल्या रोजच्या बोलण्यात राहिल्या आहेत. मूल ‘चमडा’ म्हणाले तर ते अशुद्ध म्हणून खोडू नये. तो त्याच चर्माचा दुसरा अवतार आहे.

कातड्याचे चामडे होते ते कशाने? येथे आपल्या भाषेने एक फार अर्थपूर्ण क्रियापद वापरले आहे : कमावणे. पैसा कमावतात, शरीर कमावतात, गवयी आवाज कमावतो, आणि कातडेही कमावतात. ‘काम’ ज्या कम्मपासून झाले त्याच कम्मपासून ‘कमावणे’ झाले. म्हणजे मूळची वस्तू आहे तशी पडू न देता तिच्यावर सतत श्रम करून तिला उपयोगी पडेल अशी करणे, हा त्याचा गाभा होय.

हे श्रम कोणते, ते शिक्षकाला ठाऊक असावयास हवे. जनावराचे कातडे काढल्यावर उन्हाळ्यात ते काही तासांतच कुजू लागते. म्हणून त्याला मीठ चोळतात किंवा ताबडतोब भिजत घालतात. मग चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवले म्हणजे केसांची मुळे सैल होतात. केस खरवडून काढावयाचे, उलट्या बाजूचे मांस व चरबी तासून काढावयाची, आणि चुना निघून जाईपर्यंत धूत राहावयाचे. यानंतर खरे कमावणे सुरू होते. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांत एक तुरट द्रव्य असते. हिरडा चाखताना जीभ आखडल्यासारखी होते ती याच द्रव्यामुळे. हे द्रव्य कातड्यातील प्रथिनांच्या तंतूंशी घट्ट जोडले जाते. मग त्यावर कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे काही चालत नाही. आपल्या देशातील खेड्यांत यासाठी एक युक्ती होती. कातडेच शिवून त्याची पिशवी करावयाची, तिच्यात सालीचे पाणी भरावयाचे आणि ती टांगून ठेवावयाची. पाणी हळूहळू कातड्यातून झिरपते, खाली गळते, ते पुन्हा वर ओतावयाचे. पुढे पिशवी उलटी करून तोच क्रम चालवावयाचा. या साऱ्याला कित्येक आठवडे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत निघाली आणि आठवड्यांचे काम थोड्या दिवसांवर आले. आज जगातील बहुतेक चामडे त्या रीतीने होते. तिचे सांडपाणी नदीत सोडल्यास होणारी हानी मोठी आहे, हेही परिसर अभ्यासाच्या तासाला सांगता येईल.

दुर्गंधी, चुन्याने फुटणारे हात, ओले जड कातडे उचलण्याचे कष्ट, आणि त्याबरोबरच झाडपाल्याचे व पाण्याचे नेमके ज्ञान, या सर्वांची बेरीज त्या एका क्रियापदात आहे. ज्यांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यांना गावाने आपल्या वस्तीपासून दूर ठेविले, आणि त्यांनी कमावलेले चामडे मात्र पायात, खांद्यावर, विहिरीवर आणि देवळात वापरले. ही विसंगती मुलांपासून लपवू नये.

विहिरीवरचे उदाहरण घ्या. विजेचे पंप येण्यापूर्वी आपल्याकडील बागायत मोटेवर चालत असे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती सोंड असलेली. बैल धावेवरून उताराने खाली जात, नाड्याने मोट वर येई, सोंदुराने बांधलेली सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाने वाहू लागे. एका खेपेस शे-दीडशे लिटर पाणी निघत असे. पुढे लोखंडी मोटा आल्या, मग तेलाची इंजिने, मग वीज. आणि मोट, नाडा, सोंदूर, थारोळे, धाव हे पाचही शब्द एकाच वेळी बेकार झाले. आज पाचवीतील मुलाला ‘थारोळे’ हा शब्द माहीत असतो तो केवळ ‘रक्ताच्या थारोळ्यात’ या वर्तमानपत्री वाक्यामुळे. पाण्याचा शब्द रक्तापुरता उरावा, याची मला नेहमी खंत वाटते. गावातील सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याला वर्गात बोलावून मोटेची गोष्ट सांगावयास लावावी. हे शब्द ऐकविणारी माणसे अजून आहेत, आणखी वीस वर्षांनी नसतील.

पखालीचेही तसेच. पाठीवर घेण्याची ती मशक आणि रेड्याच्या वा बैलाच्या पाठीवर लादण्याची ती पखाल. पाणी वाहणाऱ्या भिस्त्याचे नाव फारशीतील स्वर्गवाचक ‘बिहिश्त’ या शब्दावरून पडले. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गीचा, ही कल्पना किती सुंदर आहे पाहा. १५३९ मध्ये चौसा येथील लढाईनंतर गंगेत बुडणाऱ्या हुमायून बादशहाला एका भिस्त्याने मशकीच्या आधाराने वाचविले, त्याबद्दल त्याला थोडा वेळ सिंहासनावर बसविले, आणि त्याने आपल्या मशकीच्या चामड्याची नाणी पाडली, अशी आख्यायिका आहे. नाण्यांची गोष्ट आख्यायिका म्हणूनच सांगावी; पण मुलांना ती आवडते. आपल्या भागात ‘दुखणे हल्याला आणि डाग पखालीला’ अशी म्हण आहे. हल्या म्हणजे रेडा. पूर्वी आजारी जनावराला तापल्या लोखंडाने डाग देत. रेडा आजारी, आणि डागली मात्र त्याच्या पाठीवरची पखाल! उपाय भलत्याच ठिकाणी केल्याचे हे चित्र पखाल पाहिलेली नसली की उमगत नाही. अलीकडे लोक ‘डाग’ऐवजी ‘इंजेक्शन’ म्हणतात. म्हण जिवंत असल्याची ती खूण समजावी.

वाक्प्रचारांचा तास घेताना कातडी, कातडे व चामडे यांची वाटणी कशी झाली आहे ते मुलांकडूनच शोधवून घ्यावे. जाणूनबुजून दुर्लक्ष करणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढणे. संकटात स्वतःपुरते पाहणे म्हणजे कातडी बचावणे. ज्याला बोलण्याचे काही वाटत नाही त्याची कातडी गेंड्याची. आपल्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत, असे आपण आईविषयी म्हणतो. कृतज्ञतेची परमावधी सांगण्यासाठी भाषेला जोडे शिवणाऱ्याचेच काम आठवावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चामडी जाईल पण दमडी जाणार नाही, हा कंजुषाचा बाणा. चामडी सोलून काढीन, ही धमकी तर एके काळी आम्हा शिक्षकांच्याच तोंडी असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास बंदी केली आहे, तेव्हा तो वाक्प्रचार आता केवळ फळ्यावर लिहून दाखविण्यापुरता ठेवावा.

काही म्हणी मात्र जपून हाताळावयास हव्यात. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण वहाणेविषयी नसून माणसाला त्याच्या पायरीवर ठेवण्याविषयी आहे, आणि ती बहुधा सुनेला व गरिबाला उद्देशून वापरली गेली. जुन्या म्हणींच्या संग्रहात जातींची नावे घेऊन हिणविणाऱ्या म्हणीही आहेत. त्या शुद्धलेखनासाठी देऊ नयेत. एखाद्या मुलाने विचारल्यास ती कोणी, कोणाला उद्देशून आणि का म्हटली असेल, एवढे शांतपणे उलगडून सांगावे. चर्मकार, चांभार, ढोर ही नावे मुळात कामाची वा समाजाची नावे आहेत. त्यांना शिवीचा रंग चढला तो वापरणाऱ्यांच्या जिभेमुळे, शब्दांच्या अर्थामुळे नव्हे. जातीच्या नावाने अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा ठरू शकतो, हे आपल्याला ठाऊक असावेच. वर्गात मात्र कायद्याचा धाक दाखविण्यापेक्षा त्याच क्षणी पाठ थांबवून बोलणे अधिक उपयोगी पडते. मी त्या दिवशी ते केले नाही.

आता एका नव्या शब्दाविषयी. आपल्या मुलांच्या तोंडी आज ‘लेदर’ हा शब्द सर्रास आहे : लेदरचा बॉल, लेदरचे बूट. दुकानदार ‘प्युअर लेदर’ म्हणाला की वस्तूची किंमत चढते. आणि गावात ‘चामडे’ म्हटले की नाक मुरडले जाते. वस्तू एकच आहे. इंग्रजी नावाने ती प्रतिष्ठित होते आणि मराठी नावाने ती विटाळते, याचा अर्थ दोष वस्तूतही नाही व शब्दातही नाही. सातवीच्या मुलांपुढे हा प्रश्न ठेवून पाहावा. ती फार चांगली उत्तरे देतात. (मुलांच्या दप्तरांना व गाडीच्या आसनांना असते ते बहुधा चामडे नसून रेक्झिन असते. कापडावर प्लॅस्टिकसारखा थर देऊन ते तयार करतात. कापलेल्या कडेला खाली विणलेले कापड दिसले की ते रेक्झिन; चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात. ही परीक्षा मुलांना करावयास द्यावी.)

नावाचे मोल किती असते ते कोल्हापुरी चपलेवरून ध्यानात येईल. झाडाच्या सालींनी कमावलेल्या चामड्याची, खिळ्यावाचून चामड्याच्याच वादीने शिवलेली ही चप्पल. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या आपल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या चार जिल्ह्यांना मिळून ते दिलेले आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात तशाच घडणीच्या चपला दाखविल्या, आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. येथे टीका झाली. मग त्या चपलांमागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. परदेशी कंपनीने कारागिराचे नाव न घेतल्याचा राग आपल्या सर्वांना आला, आणि तो योग्यच होता. आपल्या गावात रस्त्याच्या कडेला रापी आणि आरी घेऊन बसणाऱ्या कारागिराचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, हेही त्याच वेळी विचारून पाहावे.

देवळातील चामड्याचा उल्लेख वर आला. आपल्या जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. कीर्तन मृदंगावाचून उभे राहत नाही, आणि मृदंगाच्या दोन्ही तोंडांवरील पुड्या व त्या ताणणाऱ्या वाद्या चामड्याच्या असतात. पंढरपूरच्या मंदिरात हा मृदंग शतकानुशतके गेला. चामडे कमावणाऱ्याला मात्र ते मंदिर १९४७ पर्यंत बंद होते. साने गुरुजींनी त्या वर्षी १ मे पासून उपोषण केले, तेव्हा ते सर्वांना खुले झाले. वारकऱ्यांच्या या भूमीतील नामदेवांची पदे आणि काशीच्या चर्मकार कुळातील संत रविदास, म्हणजे आपले रोहिदास, यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात एकत्र समाविष्ट आहेत. शिंपी आणि चर्मकार, दोघेही आरी-सुईने शिवणारे, एका ग्रंथात शेजारी आले. मोठ्या वर्गांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

पाठ प्रत्यक्ष कसा घ्यावा, याविषयी थोडे सांगतो. आरंभ वस्तूपासून करावा, माणसापासून नव्हे. ‘तुझ्या घरी काय करतात?’ हा प्रश्न या पाठात कोणत्याही मुलाला विचारू नये. हलगी मिळाल्यास उत्तम. पावसाळी दमट दिवशी ती वाजवून पाहावी, मग विस्तवावर दुरून शेकून पुन्हा वाजवावी. ओलाव्याने चामडे सैल पडते, उष्णतेने ताणले जाते आणि आवाज चढतो. भाषेच्या तासाला विज्ञान आपोआप येते. एखाद्या कारागिराला शाळेत बोलावणे शक्य असेल तर बोलवावे. त्याला खुर्ची द्यावी, इतर पाहुण्यांना देतो त्याच पेल्यातून पाणी द्यावे, आणि त्याचा बुडालेला रोज शाळेने भरून द्यावा. त्याचे मूल याच शाळेत असेल तर आधी त्या मुलाला व घरच्यांना एकान्तात विचारावे. त्यांनी नको म्हटले तर आग्रह करू नये.

येथे उत्साही शिक्षकाच्या हातून होणारी एक चूक सांगितली पाहिजे. कामाचे कौतुक करण्याच्या भरात ‘ही तुमची परंपरागत कला, ती तुम्ही जपली पाहिजे’ असे त्या समाजाच्या मुलांना म्हटले जाते. असे म्हणू नये. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडण्यास आपल्या बांधवांना सांगितले, आणि पुढे पुष्कळांनी मृत जनावरे ओढण्याचे लादलेले कामही सोडले, ते स्वाभिमानासाठी. आज या समाजातील मुले शिक्षक, परिचारिका, अभियंते होत आहेत. आरीला हात न लावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. कामाचा आदर करावयास शिकवावयाचे आहे ते वर्गातील सर्व मुलांना, आणि विशेषतः ज्यांच्या घरी हे काम कधी झाले नाही त्यांना.

पाठाच्या शेवटी मुलांना दोन दिवसांचा अवधी देऊन घरातील व शेजारातील वडील माणसांकडून चामड्याच्या वस्तूंची व हत्यारांची नावे गोळा करून आणावयास सांगावे. मोठ्या कागदाचा तक्ता करावा. एका बाजूस शब्द, मधे अर्थ किंवा लहानसे चित्र, आणि शेवटच्या रकान्यात ते नाव ज्या आजीने वा काकांनी सांगितले त्यांचे नाव. एकाच वस्तूला दोन गावांत दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावीत, कोणतेही खोडू नये. तक्ता वर्षभर भिंतीवर राहू द्यावा, आणि नव्याने मिळालेला शब्द ज्या मुलाने आणला असेल त्याच्याच हस्ताक्षरात त्यावर चढवावा.